दगडाचा तानपुरा

"सगळेच गातायत गं. ऐकतंय कोण?"

आमच्या गाण्याच्या बाईंचा हा पहिला अभिप्राय. मी इंग्लंडहून त्यांना व्हॉट्सॲपवर थॉमस टॅलिस या इंग्रज संगीतकाराचं 'स्पेम इन अलियम' पाठवलं होतं. १५७०च्या आसपास रचलेलं, साधारण दहा मिनिटांचं लॅटिन प्रार्थनागीत. आवाज चाळीस, आणि चाळिसांची चाल वेगवेगळी. बाईंनी ते ठाण्याच्या घरात, कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये, फोनच्या शेंगदाण्याएवढ्या स्पीकरवर ऐकलं. चूक माझीच. एवढी माणसं त्या भोकातून बाहेर यायची म्हणजे संध्याकाळची विरार लोकलच.

खरं सांगायचं तर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझंही हेच झालं होतं. नऊ वर्षं ख्याल शिकलेला कान. त्याला सवय एका गाणाऱ्याची. तबला, पेटी, मागे बसलेली शिष्या, सगळे त्या एकाच्या मागून चालणारे. असा कान नवीन काही ऐकायला बसला की आधी 'मुख्य' कोण ते शोधतो. इथे मुख्य कोणीच नाही. बरं, समूहगान आपल्याला अनोळखी आहे असंही नाही. वारीत हजार माणसं एका अभंगाला लागतात तेव्हा अंगावर काटा येतोच की. पण ती हजार माणसं एकच चाल गात असतात. इथे शेजारची बाई माझी चाल गात नाही, मी तिची गात नाही, आणि तरी आम्ही दोघी एकच गोष्ट गातोय.

हे मला कळलं ते गाऊनच. नवऱ्याच्या नोकरीमुळे तीन वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या एका गावात राहिले. तिथल्या डिसेंबरात दुपारी चारला काळोख होतो आणि माणूस काहीही करायला तयार होतो. मी चर्चच्या हॉलमध्ये सोमवारी भरणाऱ्या हौशी क्वायरमध्ये गेले. आवाजाची परीक्षा नव्हती, वर्गणी किरकोळ होती आणि मध्यंतरात चहा-बिस्किटं होती. मला आल्टोंत बसवलं. आल्टो म्हणजे बायकांतला खालचा आवाज. आल्टोच्या वाट्याला बहुतेक वेळा चार-पाच सुरांत घुटमळणारी ओळ येते. एकटीने घरी म्हटली तर बिनफोडणीचं वरण. एक निवृत्त नर्स माझ्या शेजारी बसायच्या. त्या म्हणाल्या, "आमची ओळ कोणाला ऐकू येत नाही. आम्ही नसलो की मात्र लगेच कळतं."

त्या काळात हे संगीत छापलं जायचं तेही बहुधा असंच सुटं. प्रत्येक आवाजाची वेगळी पुस्तिका. वरच्या आवाजाकडे वरच्याची, खालच्याकडे खालच्याची. आज कंडक्टरपुढे सगळ्या ओळी एकाखाली एक मांडलेली प्रत असते, तशी गाणाऱ्यांपुढे नसायची. दुसरा काय गातोय हे कळायला एकच साधन, कान. आणि लय? हाताची संथ वर-खाली हालचाल. तिला ते टॅक्टस म्हणत. गाफुरियस नावाच्या इटालियन पंडिताने १४९६ सालच्या ग्रंथात तिची तुलना शांतपणे श्वास घेणाऱ्या माणसाच्या नाडीशी केली आहे. मला ही कल्पना फार आवडली होती, पण गाताना माझी नाडी कधीच शांत नसायची.

कारण सम सापडायची नाही. मी सवयीने बोटांच्या पेरांवर मात्रा मोजायला जायची आणि तिसऱ्या ओळीशी हरवायची. या संगीतात सगळ्यांनी मिळून एका ठिकाणी आपटायची सम नाही. प्रत्येक आवाजाचा जोर त्याच्या शब्दांप्रमाणे पडतो, आणि शब्द एकमेकांच्या मागून, सरकून सरकून येतात. माझं 'हाबुई' संपतं तेव्हा टेनरचं, म्हणजे पुरुषांतल्या वरच्या आवाजाचं, सुरू होतं. प्रत्येकाचा श्वास वेगळ्या जागी, त्यामुळे एकूण संगीत श्वासच घेत नाही. अखंड वाहतं. महिनाभर चिडचिड झाली. मग एका सोमवारी मोजणं सोडलं आणि शेजारणीचा शब्द कुठे संपतो ते ऐकायला लागले. बाईंकडे नऊ वर्षं मी स्वतःचा सूर ऐकायला शिकले होते. इथे दुसऱ्याचा ऐकायचा होता.

दुसऱ्या वर्षी आजूबाजूच्या पाच-सहा क्वायर मिळून एका जुन्या दगडी चर्चमध्ये 'स्पेम' गाणार असं ठरलं. चाळीस आवाज पाच-पाचाच्या आठ वृंदांत वाटलेले असतात. आम्ही गोल करून उभे राहिलो, कंडक्टर मधोमध. मी सातव्या वृंदात. सुरुवात पहिल्या वृंदातल्या एकाच आवाजाने होते. मग दुसरा तीच गोष्ट उचलतो, मग तिसरा. सूर एका वृंदातून पुढच्या वृंदात सरकत जातो. पाठीमागून येतोय, डावीकडे वळला, आता समोरून. सातव्या वृंदाला पहिली दोन मिनिटं उभं राहून नुसतं ऐकायचं असतं. आपल्याकडे लग्नात पंगत वाढताना पहिल्या पानावरून वाढपी निघतो आणि आपण त्याच्याकडे बघत बसतो, तसं. बादली येतेय, येतेय. आली की मात्र क्षणाचा उशीर चालत नाही.

चाळिसाव्या बारमध्ये, म्हणजे स्वरलिपीच्या चाळिसाव्या खणात, चाळीसही आवाज पहिल्यांदा एकत्र येतात. टॅलिसला आकड्यांची गंमत कळत होती. मग हाच प्रवास उलटा, आठव्याकडून पहिल्याकडे. मग वृंद एकमेकांशी बोलायला लागतात, या भिंतीकडून त्या भिंतीकडे. शब्द साधे आहेत: तुझ्यावाचून दुसऱ्या कोणावर मी कधी आशा ठेवली नाही. एवढ्याशा वाक्यासाठी एवढा मोठा मांडव.

आणि शेवटाकडे एक जागा आहे. सगळे एकदम थांबतात. चाळीसही. मग एका क्षणाने सगळे मिळून 'रेस्पिचे' म्हणतात, आमच्या दीनपणाकडे पाहा. सरावाच्या पहिल्या फेरीत मी तो क्षण वाट न पाहता आत शिरले. त्या अख्ख्या शांततेत माझा एकटीचा 'रे'. ऋषभही नव्हे, हाकही नव्हे. कोणी हसलं नाही, ते बरं. पण त्या चर्चने माझा 'रे' तीन-चार सेकंद वर कमानीत धरून ठेवला, सगळ्यांना नीट दाखवला, आणि मग खाली ठेवला. कंडक्टर म्हणाला, "इथे आपण गायचं नाही. इथे इमारत गाते."

दुसऱ्या फेरीत थांबले आणि ऐकलं. चाळीस गळे बंद झाले तरी स्वरसंवाद वर तरंगतच होता. हळूहळू विरळ होत होता, आणि तो पुरता विरायच्या आत आम्ही त्याच्या खाली नवा सूर ठेवला. मला एकदम बाईंच्या खोलीतला कोपरा आठवला. मिरजेचा तानपुरा. गाणारा थांबतो तेव्हाही जो थांबत नाही, ज्याच्या भरवशावर थांबता येतं. इतके दिवस मी म्हणत होते की या गाण्याला तानपुरा नाही, आधार नाही. आधार होता. तो दगडाचा होता.

या विचाराने मी बरेच दिवस खूश होते. संगीत आणि वास्तू यांचं नातं सांगणारी सगळी प्रसिद्ध उदाहरणं धुंडाळून काढली. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध फ्लॉरेन्सचं. २५ मार्च १४३६ रोजी पोप चौथा यूजीन याने तिथल्या कॅथेड्रलचं पवित्रीकरण केलं. ब्रुनेलेस्कीचा घुमट वर उभा राहत आलेला, आणि त्या प्रसंगासाठी गियोम दुफायने 'नूपर रोझारुम फ्लोरेस' हे मोटेट, म्हणजे अनेक आवाजांचं लॅटिन प्रार्थनागीत, रचलं. त्याच्या चार भागांच्या लांबीचं प्रमाण ६:४:२:३. १९७३ साली एका अभ्यासकाने मांडलं की ही त्या इमारतीचीच मापं आहेत, आणि खालचे दोन आवाज एकच जुनी चाल पाचव्या सुराच्या अंतराने गातात तेही घुमटाच्या दुहेरी कवचासारखंच आहे. वाचून हरखायला होतं. पुढे १९९४ मध्ये दुसऱ्याने दाखवलं की कॅथेड्रलची मापं काही नीट बसत नाहीत; बसतात ती बायबलमधल्या सॉलोमनच्या मंदिराची. लांबी ६० हात, त्यातला मुख्य सभामंडप ४०, रुंदी २०, उंची ३०. मला दुसरं पटतं. पण त्याहून खरं सांगायचं तर गाताना किंवा ऐकताना कोणाच्याही कानाला ६:४:२:३ समजत नाही. ते कागदावरचं सौंदर्य आहे, देवासाठी असेल. मला ऐकू येतो तो शेवटचा विरत जाणारा सूर.

आणि मग टॅलिसनेच माझ्या दगडाच्या सिद्धान्ताला सुरुंग लावला.

'स्पेम'ची कथा १६११ सालच्या एका पत्रात येते. इटलीहून तीस आवाजांचं गाणं इंग्लंडात आलं, ऐकणारे थक्क झाले. एका संगीतप्रेमी ड्यूकने विचारलं, आपल्या इंग्रजांतला कोणी असं करू शकत नाही का? टॅलिसने केलं. ते अरुंडेल हाऊसच्या लांबलचक दालनात गायलं गेलं, आणि ड्यूकने गळ्यातली सोन्याची साखळी काढून टॅलिसच्या गळ्यात घातली. इटलीचं गाणं म्हणजे बहुधा अलेस्सांद्रो स्ट्रिज्जोचं. तो १५६७ मध्ये लंडनला आला होता आणि त्याच्याकडे चाळीस आवाजांची मिस्सा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचं संगीत, होती. शेवटच्या भागात साठ आवाज! ती मिस्सा पुढे शतकानुशतकं हरवली. पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात चुकीच्या नावाखाली पडून राहिली आणि २००७ मध्ये लंडनमध्ये पुन्हा गायली गेली. साखळीची गोष्ट आपल्या दरबारी गवयांच्या गोष्टींसारखीच आहे, तेवढीच गोड आणि तेवढीच जपून ऐकायची. पण माझं लक्ष दालनावर अडलं. अरुंडेल हाऊस म्हणजे घर. मोठ्या सरदाराचं असलं तरी घर. लाकडी फळ्यांच्या भिंती, चटया, पडदे, भरजरी कपड्यांतली माणसं. तिथे कुठला आलाय दगडाचा तानपुरा?

टॅलिसचं आयुष्य पाहिलं की या प्रश्नाला वेगळंच वजन येतं. तरुणपणी तो वॉल्थमच्या मठात गायक होता. आठव्या हेन्रीने मठ खालसा करायला घेतले, त्यात १५४० साली सगळ्यात शेवटी वॉल्थमची पाळी आली. टॅलिसच्या हातावर पगार आणि बक्षीस मिळून ४० शिलिंग ठेवले आणि निरोप दिला. देशभर मठांच्या छपरांवरचं शिसं उतरवून विकलं गेलं. छप्पर गेल्यावर उरतात त्या भिंती. पुढे तो राजाच्या गानवृंदात गेला आणि चार राज्यकर्त्यांच्या हाताखाली राहिला. हेन्रीच्या काळात लॅटिन. एडवर्ड आला, देश प्रोटेस्टंट झाला, लॅटिन बंद, इंग्रजी सुरू, आणि शक्यतो एका अक्षराला एकच सूर, म्हणजे शब्द कळले पाहिजेत. मेरी आली, पुन्हा कॅथलिक, पुन्हा लॅटिन, पुन्हा मोठाल्या कमानी. एलिझाबेथ आली, पुन्हा प्रोटेस्टंट, पुन्हा इंग्रजी. प्रत्येक वेळी या माणसाने नवी शैली उचलली आणि तीतही उत्तम लिहिलं. त्याला काय वाटत असेल, याचा एक शब्दही त्याने मागे ठेवलेला नाही.

बिनछपराचं देऊळ म्हणजे काय ते मी परत आल्यावर वसईला पाहिलं. पोर्तुगीजांनी वसई १५३४ मध्ये घेतली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकली, आणि मधली दोनशे वर्षं त्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये लॅटिन मिस्सा झाल्या. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाच्या चर्चची दर्शनी भिंत अजून दिमाखात उभी आहे. आत गेलं की वर सरळ आभाळ. मी एका कोनाड्यात फोन ठेवून हळूच 'स्पेम' लावलं. आवाज वर गेला तो गेलाच. परत काही आलं नाही. बाजूला प्री-वेडिंगचं शूटिंग चाललं होतं, त्यांनी जरा त्रासिकपणे पाहिलं. मी फोन बंद केला.

चोरून लावलेलं गाणं असं घाईने बंद करताना मला बर्ड आठवला.

विल्यम बर्ड हा टॅलिसपेक्षा बराच लहान, त्याचा सहकारी आणि भागीदार. एलिझाबेथने १५७५ मध्ये संगीत छापण्याची मक्तेदारी दोघांना मिळून दिली होती. टॅलिस १५८५ मध्ये गेला तेव्हा बर्डने त्याच्यासाठी शोकगीत लिहिलं. त्याच्या शेवटी एवढंच: टॅलिस गेला, आणि संगीत मेलं. हा बर्ड राणीच्या गानवृंदातला पगारी कलावंत आणि घरी पक्का कॅथलिक. त्या काळी हे जिवावरचं होतं. १५८५च्या कायद्याने कॅथलिक पाद्रीने देशात असणं हा राजद्रोह ठरला आणि त्याला आसरा देणं हाही देहदंडाचा गुन्हा. तरीही सरदारांच्या गढ्यांमध्ये, दारं लावून, मिस्सा व्हायच्या. एसेक्समधल्या इंगटस्टोन हॉलमध्ये पाद्रींना लपवायच्या चोरजागा आजही आहेत. त्या घराचे मालक पीटर घराणं बर्डचे आश्रयदाते, आणि १५९०च्या दशकात बर्ड त्यांच्याच जवळच्या गावात राहायला गेला.

या लोकांसाठी त्याने १५९२ ते १५९५च्या दरम्यान तीन मिस्सा छापल्या. चार आवाजांची, तीन आवाजांची, पाच आवाजांची. मुखपृष्ठ नाही. साल नाही. छापणाऱ्याचं नाव नाही. पानाच्या माथ्यावर मात्र बर्डचं नाव आहे. मला हे धाडस फार मोठं वाटतं. बाकी सगळं लपवलं आणि स्वतःचं नाव तेवढं ठेवलं.

आता विचार करा. कुठला क्वायर, कुठली कमान? एका खोलीत टेबलाभोवती चार-पाच माणसं. त्यातली एखादी घरची लेक, एखादा नोकर, एखादा पाहुणा. हातात सुट्या पुस्तिका. घोड्यांच्या टापा ऐकू आल्या तर पुस्तिका कुठे सारायच्या हे आधीच ठरलेलं. अशा खोलीत सूर सोडला की सोडला, तो वर धरून ठेवायला कोणी नाही. म्हणून बर्डने छप्पर आवाजांतच बांधलं. असं मला वाटतं, आणि चार आवाजांच्या मिस्सेचं 'आग्नुस देई' गाताना ते अंगाला कळतं.

हा मिस्सेचा शेवटचा भाग. पहिली विनवणी दोनच आवाजांत. दुसरी तीन. तिसरीला चारही येतात, आणि मग 'दोना नोबिस पाचेम', आम्हाला शांती दे. ही विनवणी बर्ड एका युक्तीवर रचतो, तिला इंग्रजीत सस्पेन्शन म्हणतात. एक आवाज आपल्या सुरावर बसून राहतो. खालचा मात्र पुढे सरकतो. जो सूर आत्तापर्यंत घरातला होता तो जागच्या जागी परका होतो, टोचायला लागतो. मग नाइलाजाने एक पायरी उतरतो आणि पुन्हा घरातला होतो. पण तोवर दुसरा कोणी अडकलेला असतो. तो उतरतो तर तिसरा. कमानीतला प्रत्येक दगड पडायलाच निघालेला असतो आणि शेजारच्याने त्याला अडवलेलं असतं, म्हणून तर कमान उभी राहते. माझा अडकलेला सूर टोचायला लागला की हात थरथरायचा. शेजारच्या नर्सबाई तेव्हा कोपराने हलकेच ढोसायच्या. थांब. अजून थांब. आता उतर.

परत आल्यावर मी फोनच्या भानगडीत पडले नाही. चांगला स्पीकर घेऊन ठाण्याला बाईंकडे गेले. ऐंशीला टेकल्या आहेत आता. 'स्पेम' मुद्दाम नेलं नाही. म्हटलं, "बाई, या वेळी चारच माणसं आहेत."

"चार म्हणजे ठीक. चारचौघांत काय बोलतायत ते तरी कळेल."

त्यांनी त्यांच्या पद्धतीने तयारी केली. तानपुरा काढायला लावला, ध्वनिमुद्रणातला शेवटचा सूर मला लावून दाखवायला सांगितला आणि षड्ज तिथे मिळवला. मग छेडत बसल्या. मी 'आग्नुस देई' सुरू केलं. पहिले दोन आवाज निघाले तेव्हा मान हलली. पुढे पुढे कपाळावर आठी. शेवटी त्यांनी तारांवर हात ठेवून तानपुरा गप्प केला.

"षड्ज चालतोय गं याचा. एका जागी बसत नाही. माझा मधे मधे येतोय."

मग नुसतं ऐकत राहिल्या. 'दोना नोबिस' सुरू झालं, टोचणं आणि उतरणं, टोचणं आणि उतरणं. मी काही समजावून सांगितलं नाही. एकदा स्वतःशीच म्हणाल्या, "चुकत नाहीये. मुद्दाम थांबतोय." तेवढ्यात शेवट आला. इतका वेळ सगळं कोमल गंधाराच्या छायेत चाललेलं असतं, आणि अगदी शेवटच्या स्वरसंवादात तो गंधार शुद्ध होतो. लख्ख. सोबत वाद्य नसल्यामुळे गाणारे तो कानाने लावतात, पेटीच्या पट्टीपेक्षा किंचित खाली, जिथे तो नैसर्गिकपणे बसतो तिथे.

बाई ताठ झाल्या. त्यांचा पेटीवरचा राग जुना आहे. पेटीच्या गंधारावर त्यांनी माझा एक अख्खा पावसाळा खर्ची घातला होता. काही न बोलता त्यांनी तानपुरा पुन्हा उचलला आणि सावकाश छेडला. जवारी चांगली लागलेली होती. थोड्या वेळाने खर्जाच्या तारेतून तो वर आला, कोणी न वाजवलेला, स्वयंभू गंधार. तोच. केसाचाही फरक नाही.

"हा यांना कोणी दिला?"

मी काही उत्तर दिलं नाही. बाहेर रिक्षावाल्यांचं भांडण चाललं होतं, ते बाईंनी खिडकी लावून बंद केलं.

"पुन्हा लाव," त्या म्हणाल्या. "या वेळी मी फक्त सगळ्यात खालच्याच्या मागे जाते."